ऐकू येणारी चित्रे

मुलांनो, रातकिड्यांची किरकिर आपण सारेच ऐकतो. परंतु ती रंगांनी कागदावर उतरविता येईल, असे आपल्या मनातही येत नाही. चार्ल्स बर्चफील्ड या अमेरिकन चित्रकाराने नेमके तेच केले.

त्याचा जन्म १८९३ साली ओहायो राज्यात झाला. वडील लवकर वारले आणि आई मुलांसह सेलम गावी राहावयास आली. तेथील रान आणि ओढे यांत हा मुलगा रमे. परंतु रात्री चर्चची घंटा घुमू लागली, की त्याच्या उरात धडकी भरे.

कलाशाळेतील शिक्षण १९१६ साली संपले. पुढे पोटासाठी त्याने एका कारखान्यात हिशेबाचे काम धरले. जेवणाच्या सुटीत मात्र त्याचा कुंचला चाले. १९१७ साली त्याने एका वहीत काही आकृत्या योजल्या : भीतीची एक, खिन्नतेची दुसरी, सरून गेलेल्या सुखाच्या आठवणीची आणखी एक. त्याच वर्षी त्याने घंटेचे ते भय रंगविले. चित्रात पावसाळी रात्र आहे. चर्चचा मनोरा एखाद्या अक्राळविक्राळ पक्ष्यासारखा डोके काढून उभा आहे, आणि घंटेचा नाद वळ्यावळ्यांनी काळोखात पसरत आहे. खालच्या घरांच्या खिडक्या जणू भेदरलेले डोळेच! घंटा कोठेच दिसत नाही, तरी ती ऐकू येते.

जलरंग हे तैलरंगांपुढे दुय्यम, अशी पुष्कळांची समजूत असते. ही चित्रे पाहिल्यावर ती टिकणे कठीण आहे.

१९२१ पासून आठ वर्षे त्याने बफेलो शहरी भिंतींवर चिकटवावयाच्या नक्षीदार कागदांचे नमुने काढले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९३० मध्ये त्याच्या तरुणपणच्या जलचित्रांचे प्रदर्शन भरविले. त्या वेळी तो जुनी पुरी, पडकी घरे असे वास्तव विषय रंगवीत होता. मनातील ते जुने रान मात्र त्याला स्वस्थ बसू देईना.

१९४३ च्या सुमारास त्याने पंचविशीपूर्वीची चित्रे पुन्हा बाहेर काढली. ती लहान वाटत होती. ती बाजूस सारून नवी काढणे सोपे होते. पण त्याने जुन्या कागदाच्या कडांना नवे कागद जोडले आणि तेच चित्र चहूबाजूंनी वाढविले. म्हणून त्याच्या काही चित्रांखाली दोन साले आढळतात : १९१७-१९४३. मधला भाग चोवीस वर्षांच्या तरुणाचा, आणि भोवतालचे रान पन्नाशीच्या गृहस्थाचे.