थेल्मा रिटर नायिका का झाली नाही?

प्रश्न : हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ नुकताच पाहिला. नायकाकडे येणारी ती फटकळ नर्स फार आवडली. तिचं नाव थेल्मा रिटर, आणि सहा वेळा नामांकन मिळूनही तिला ऑस्कर एकदाही मिळालं नाही, असं कळलं. एवढी ताकदीची नटी कायम दुय्यम भूमिकांतच का राहिली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी त्या नर्सबद्दलच बोलू. जेम्स स्टुअर्ट प्लास्टरमधला पाय घेऊन बसलाय, पुढ्यात नाश्ता आहे, आणि समोरच्या खिडकीतल्या माणसाने प्रेताचे तुकडे कुठे केले असतील याचा ही बाई हिशेब मांडतेय. न्हाणीघरातच केले असणार, धुऊन काढायला सोपं! स्टुअर्टचा घास तोंडाशी येऊन अडतो. ती मात्र हे सगळं भाजीचा भाव सांगावा तशा सुरात बोलते. आपल्याकडे ‘अनाडी’तल्या मिसेस डिसा झालेल्या ललिता पवार आठवा, जिभेला धार, पण पोटात माया, तीच जात.

रिटर ब्रुकलिनची, जन्म १९०२चा. नाटकात कामं केली, मग मुलंबाळं, नंतर रेडिओ. सिनेमात आली ती पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ (१९४७) मध्ये मॅसीज या दुकानात मुलाला घेऊन आलेली एक दमलेली आई, एवढंच काम. हवं ते खेळणं दुसऱ्या दुकानात मिळेल, असं इथलाच सांताक्लॉज सांगतो आणि ती चक्रावते. श्रेयनामावलीत तिचं नावही नव्हतं. पण फॉक्स स्टुडिओचा प्रमुख डॅरिल झॅनक याने तो तुकडा पाहून तिचं काम वाढवायला लावलं, असं सांगतात. पुढे फॉक्सने तिच्याशी करार केला.

तुमच्या ‘का’चं उत्तर या करारात आहे. स्टुडिओंच्या त्या काळात नटमंडळी पगारी असत. नायिकेवर स्टुडिओ पैसा ओतायचा, पण तिला तारुण्याची मुदत असे. चेहऱ्यावर संसार उमटलेली बाई मोलकरीण, नर्स, घरमालकीण, आई अशी कुठेही चालायची, आणि वय वाढलं म्हणून तिचं काम सुटत नसे. पंचेचाळिशीत आलेल्या बाईला नायिकेचं दार उघडणारच नव्हतं. हे दुसरं दार मात्र सताड उघडं होतं.

दुय्यम म्हणजे लहान, असं मात्र समजू नका. ‘द मेटिंग सीझन’ (१९५१) मधली सासू मुलाच्या घरी येते, नवी सून तिला पैसे देऊन बोलावलेली स्वयंपाकीण समजते, आणि ही गैरसमज न मोडता तिथेच राबत राहते. गोष्ट सगळी तिची. पण जाहिरातीत जीन टायर्नी आणि जॉन लंड वर, आणि नामांकन सहायक अभिनेत्रीचं! ‘ऑल अबाउट ईव्ह’ (१९५०) मध्ये मोठ्या नटीची जागा बळकावू पाहणाऱ्या ईव्हचा डाव सगळ्यांआधी ओळखते ती त्या नटीच्या दिमतीला असलेली रिटरची बर्डी. अर्ध्या वाटेवर पटकथा तिला गुपचूप बाजूला सारते. साहजिकच आहे, ती शेवटपर्यंत राहिली असती तर ईव्हचं काही चाललं नसतं.

बर्डीसाठीही रिटरला सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं, पण त्या वर्षी याच चित्रपटातली सेलेस्ट होमही तिच्यासमोर होती. बक्षीस ‘हार्वे’साठी जोसेफिन हल यांना गेलं. अशी ओळीने चार वर्षं नामांकनं, मग १९५९ आणि १९६२ ची. रंगभूमीने मात्र १९५८ साली तिला टोनी दिलं, तेही सहकलाकार ग्वेन व्हर्डनबरोबर वाटून.

माझ्या मते ऑस्कर हुकलं ते ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ (१९५३) मध्ये. तिची मो पोलिसांना खबर विकून पैसे साठवते, बेवारशांच्या जागेत पुरलं जाऊ नये म्हणून. मारेकरी समोर उभा असताना ती पलंगावर पडून, भीक न मागता, आपण किती थकलोय ते सांगते. ग्रामोफोनवर तबकडी फिरत असते.

ऑस्करच्या मंचावर ती उभी राहिली, पण १९५५ साली, न्यूयॉर्ककडच्या सोहळ्याची सूत्रसंचालक म्हणून. त्या रात्री नायिकेचं ऑस्कर मिळालं ‘रिअर विंडो’तल्याच ग्रेस केलीला, ‘द कंट्री गर्ल’साठी. त्याच चित्रपटाच्या पटकथेचं मिळालं जॉर्ज सीटनला, म्हणजे मॅसीजमधली ती दमलेली आई रिटरला देणाऱ्या दिग्दर्शकाला.