आजचे फड कोणते? संच आणि ‘जर-तर’

आष्ट्याच्या आसपासच्या मुलांना कन्स्ट्रेंट लॉजिक प्रोग्रामिंग शिकवताना मी गणित ऊसतोडीचंच घालतो. फड पाच, आज तोडायचे तीन. दोन नंबरचा जळालाय, तो आजच गेला पाहिजे. पाच नंबरला वाट चारमधूनच. म्हणून पाच तोडायचा तर चारही तोडायचा. एवढ्यावरून शिकलेल्या या गोष्टी.

१. आज तोडायच्या फडांचा संच अर्धवटच माहीत असतो. ‘नक्की आहेत’ आणि ‘असू शकतात’ अशा दोन याद्यांच्या मध्ये सॉल्व्हर (दिलेली बंधनं, म्हणजे कन्स्ट्रेंट, पाळून उत्तर शोधणारा प्रोग्राम) तो धरून ठेवतो. कार्मेन जर्व्हे यांनी १९९० च्या दशकात ‘कॉनजुंटो’ या संच-बंधनांच्या भाषेत हीच रीत वापरली. आपल्या पहिल्या यादीत फक्त २, दुसरीत पाचही फड.

२. प्रोलॉग या भाषेतला बाण (->) हे जर-तरचं बंधन नव्हे. बाणाआधी ‘पाच संचात आहे’ हे बंधन लिहिलं, की सॉल्व्हर ते तपासत नाही, लादतो. पाच आत, पाठोपाठ चार आत. उत्तर एकच, २-४-५. खरी उत्तरं चार आहेत: १-२-३, १-२-४, २-३-४ आणि २-४-५.

३. प्रत्येक फडाला ०/१ चा चल द्या. आत असेल तर १, नसेल तर ०. मग नियम एका ओळीचा: पाचचा चल चारच्या चलापेक्षा मोठा नको. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगच्या पूर्णांक-बंधनांत हेच ‘#==>’ नं लिहिता येतं.

४. नियम उलटाही चालला पाहिजे. चारमध्ये ओल आहे, तो आज वगळला, तर पाच आपोआप गळतो. उरले १, २, ३. शोधाशोध न करताच उत्तर हाती. बाणाला हे जमत नाही.

५. ‘संचातल्या प्रत्येकासाठी’ असा नियम दुसऱ्या, ‘असू शकतात’च्या यादीवरून फिरवा. संच अजून ठरलेलाच नाही, त्यावरून फिरणार कसं? यादीतल्या प्रत्येक फडासाठी एक जर-तर लागतं, म्हणून यादी आधीच छाटा. सोळा महिने न झालेली आडसाली त्यात घेऊच नका.

६. संख्येचं बंधन विसरू नका. ‘जर’ खोटं असलं की अख्खं जर-तर खरं ठरतं. ‘तीन फड’ ही अट काढून तर पाहा: फक्त जळका फड तोडून उरलेल्या तोडणी टोळ्या बसवून ठेवणारं उत्तरही सॉल्व्हर बिनतक्रार देईल, आणि तर्कानं ते बरोबरच असेल.