तीस दिवसांचे रंग

समोर मांडलेल्या वस्तू पाहून जे चित्र काढतात, त्याला स्थिरचित्र म्हणतात. मालेगावच्या एका विद्यार्थिनीने रमजानच्या महिन्यात रोज एक स्थिरचित्र काढले. हे करताना ती रंग मिसळायला कशी शिकली आणि रंग पाहायला कशी शिकली, हे तिने या पाठात सांगितले आहे.

मी नववीत होते तेव्हाची ही गोष्ट. मला इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेला बसायचे होते. या परीक्षेत स्थिरचित्राचा एक पेपर असतो. भांडी, फळे, भाज्या अशा वस्तू समोर ठेवलेल्या असतात. त्या पाहून रंगीत चित्र काढायचे असते. मला वाटले, यात काय अवघड आहे? वांगे जांभळे, लिंबू पिवळे आणि पाने हिरवी!

सरावासाठी मी घरी एका वांग्याचे चित्र काढले. माझ्या पेटीत जांभळा रंग नव्हता. म्हणून मी तांबडा आणि निळा रंग एकत्र केला. जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी रंग तयार झाला. मी त्यात आणखी निळा घातला, मग आणखी तांबडा घातला. रंग अधिकच मळकट झाला. शेवटी मी वैतागले. काळा रंग घेतला आणि सगळे वांगे भरून टाकले.

दादी खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. ईदनंतर ऑपरेशन करायचे ठरले होते. त्यांनी माझी वही हातात घेतली, अगदी डोळ्यांजवळ नेली आणि विचारले, "हा कोळसा आहे का?"

मला राग आला. मी म्हणाले, "दादी, तुम्हाला नीट दिसत नाही, म्हणून ते काळे वाटते."

दादी काही बोलल्या नाहीत. त्यांनी वही हळूच मिटली आणि माझ्या हातात दिली. त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते चित्र चित्रकलेच्या सरांना दाखवले. सरांनी विचारले, "चित्र काढताना तू वांग्याकडे किती वेळा पाहिलेस?"

मी म्हणाले, "सुरुवातीला एकदा पाहिले, सर."

सर हसले. म्हणाले, "म्हणजे तू वांगे काढले नाहीस. 'वांगे' हा शब्द रंगवलास."

मग सरांनी रंगांच्या दोन वड्या पाण्याने ओल्या केल्या. एक शेंदरी होती, दुसरी किरमिजी होती. ते म्हणाले, "हे दोन्ही तांबडेच आहेत. पण शेंदरी रंग पिवळ्याकडे झुकतो आणि किरमिजी जांभळ्याकडे झुकतो. तू निळ्यात शेंदरी मिसळलास. त्याच्याबरोबर थोडा पिवळाही आला. तांबडा, निळा आणि पिवळा असे तिन्ही मूळ रंग एकत्र आले, म्हणून मिश्रण मळकट झाले. आता किरमिजी घेऊन पाहा."

मी किरमिजी आणि निळा रंग मिसळला. बशीत स्वच्छ जांभळा रंग तयार झाला. मी पाहतच राहिले.

सरांनी मला व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराची माहिती सांगितली. त्याचा जन्म १८५३ साली झाला. त्याची सुरुवातीची चित्रे काळपट आणि तपकिरी असत. १८८६ साली तो पॅरिसला आला. चित्रासाठी कुणाला समोर बसवायचे, तर त्या माणसाला पैसे द्यावे लागत. त्याच्याजवळ तेवढे पैसे नव्हते. म्हणून तो फुलदाणीत फुले ठेवून त्यांची चित्रे काढू लागला. एका उन्हाळ्यात त्याने फुलांची कितीतरी चित्रे काढली. असा सराव करता करता त्याचे रंग उजळ झाले. रंगीत लोकरीचे धागे एकमेकांशेजारी ठेवून तो कोणता रंग कशाजवळ शोभतो हेही पाहत असे. त्या लोकरीच्या गुंड्यांची पेटी ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे.

सर म्हणाले, "परीक्षेच्या आधी चार दिवस जागून सराव होत नाही. रोज एक लहान चित्र काढ."

दोन दिवसांनी रमजान सुरू होणार होता. मी ठरवले, जितके रोजे तितकी चित्रे. अस्रची नमाज झाली की पश्चिमेच्या खिडकीजवळ बसायचे आणि मगरिबच्या आत चित्र पूर्ण करायचे. पण त्याआधी एक काम राहिले होते. मी दादींजवळ गेले आणि म्हणाले, "दादी, ते चित्र खरोखरच चुकले होते. मी तुम्हाला तसे बोलायला नको होते."

दादींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बेटा, माझे वडील रंगरेज होते. लग्नाआधी मीही त्यांच्याबरोबर ओढण्या रंगवत असे. आता रंग नीट दिसत नाहीत. पण रंगांची रीत मी विसरलेले नाही. रोज माझ्याजवळ बसून चित्र काढ."

पहिल्या दिवशी समोर लिंबू ठेवले. लिंबाच्या सावलीकडच्या बाजूसाठी मी पिवळ्यात थोडा काळा घातला, तर लिंबू शेवाळासारखे हिरवट झाले! दादींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पिवळी ओढणी गडद करायची असेल, तर आम्ही तिला काळ्या रंगात बुडवत नव्हतो." मग मी पिवळ्यात मातकट पिवळा मिसळला आणि जांभळ्याचा अगदी एक थेंब टाकला. सावली पडली, पण लिंबू पिवळेच राहिले.

दादींनी मला दुसरी गोष्टही शिकवली. त्या म्हणाल्या, "ओला रंग फसवतो. आम्ही आधी एक चिंधी रंगात बुडवत असू. ती वाळली की मगच ओढणीला हात लावायचा." जलरंगही वाळल्यावर फिका होतो. तेव्हापासून मी कागदाची एक पट्टी जवळ ठेवू लागले. प्रत्येक रंग आधी पट्टीवर लावायचा, वाळू द्यायचा आणि मग चित्रात वापरायचा.

सातव्या दिवशी मी लाल दस्तरखानावर एक अंडे ठेवले. मला वाटले, आज काम सोपे आहे. पांढऱ्या कागदावर पांढरे अंडे काढायचे! पण नीट पाहिले तेव्हा पूर्ण पांढरा भाग फारच थोडा दिसला. खिडकीकडची बाजू उजळ होती. तिथे मी कागद कोरा सोडला. दुसरी बाजू निळसर राखाडी होती. तो राखाडी रंग मी निळा आणि तपकिरी मिसळून तयार केला. खालच्या बाजूला तर गुलाबी छटा होती. दस्तरखानाचा लाल रंग अंड्यावर पडला होता. वस्तू एकटी नसते, शेजारच्या वस्तूंचा रंगही तिच्यावर पडतो, हे मला त्या दिवशी कळले.

अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात काम करत. ते माझ्यासाठी रंगीत सुताचे उरलेले तुकडे आणत. मी ते धागे एकमेकांशेजारी ठेवून पाहू लागले. जांभळ्याजवळ पिवळा धागा अधिक उजळ दिसे. लाल दस्तरखानावर ठेवलेला राखाडी धागा किंचित हिरवट वाटे. धागा तोच होता. फक्त शेजारी बदलला होता.

रोजा असताना समोर फळ ठेवून चित्र काढणे सोपे नव्हते. खरबुजाच्या फोडीचे चित्र काढताना माझे अर्धे लक्ष रंगात होते आणि अर्धे अजानकडे होते! शिवाय वेळ थोडा असे. सूर्य खाली गेला की सावली लांब होई. म्हणून मी सावलीची जागा आधी आखून घेऊ लागले. अजान झाली की चित्रातले फळ दस्तरखानावर जाई. धाकटा भाऊ त्याची वाटच पाहत असे.

खजुराच्या वेळी मी तपकिरी वडीला हात लावला नाही. तांबड्यात थोडा थोडा हिरवा घालत गेले. हे दोन रंग एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ते मिसळले की दोघांचीही चमक कमी होते आणि तपकिरी रंग तयार होतो. जो मळकट रंग पहिल्या दिवशी माझ्याकडून चुकून झाला होता, तो आता मी मुद्दाम तयार करत होते.

सगळीच चित्रे चांगली झाली नाहीत. काचेच्या पेल्यातले सरबत मला तीन वेळा जमले नाही. एकदा तर रंगाचे पाणी वहीवर सांडले. पण दुसऱ्या दिवशी कोरे पान असे आणि पुन्हा नवी वस्तू असे.

वहीच्या शेवटच्या पानावर मी शिकलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या:

• आधी वस्तू पाहावी, मग रंग घ्यावा.
• फिक्या रंगात गडद रंग थोडा थोडा मिसळावा.
• ब्रश धुण्यासाठी एक आणि रंग कालवण्यासाठी एक, असे पाण्याचे दोन पेले ठेवावेत.
• फार रंग एकत्र केले की मिश्रण मळकट होते.
• सावली म्हणजे काळा रंग नव्हे.

त्या वर्षी तीस रोजे झाले. तिसाव्या दिवशी मी पुन्हा वांगे समोर ठेवले. या वेळी त्याच्याकडे किती वेळा पाहिले, ते मोजलेच नाही.

ईदनंतर दादींच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. घरी आल्यावर त्या बराच वेळ खिडकीच्या पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, हा पडदा निळा आहे! मला तर तो कित्येक दिवस राखाडीच दिसत होता."

थोड्या वेळाने त्यांनी माझी वही मागितली. पहिले पान उघडले आणि त्या मोठ्याने हसल्या. "बेटा, हा तर खरोखर कोळसाच आहे!" मलाही हसू आवरेना. मग त्या एकेक पान सावकाश पाहू लागल्या. अंड्याच्या पानावर थांबल्या. खजुराच्या चित्रावरून बोट फिरवले. शेवटच्या वांग्याकडे त्या खूप वेळ पाहत होत्या.

"याच्या कडेला निळा आहे," त्या म्हणाल्या. "आणि देठाजवळ किरमिजी आहे. मधला पांढरा ठिपका म्हणजे आपली खिडकी. बरोबर?"

"बरोबर, दादी."

त्यांनी वही मिटली आणि आपले पितळी पानदान माझ्यासमोर ठेवले. म्हणाल्या, "उद्या याचे चित्र काढ. आणि हे बघ, पितळ पिवळे असते असे समजून बसू नकोस."

शब्दार्थ

स्थिरचित्र – समोर मांडलेल्या वस्तूंचे चित्र
सराव – पुन्हा पुन्हा करून शिकणे
वैतागणे – कंटाळून चिडणे
मळकट – स्वच्छ नसलेला
मोतीबिंदू – डोळ्याचे भिंग धूसर होण्याचा आजार
किरमिजी – जांभळ्याकडे झुकणारा गडद तांबडा
रंगरेज – कपडे रंगवणारा
चिंधी – कापडाचा लहान तुकडा
छटा – रंगाची हलकी झाक
यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
देठ – फळ ज्याने झाडाला जोडलेले असते तो भाग

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादींचे वडील कोणते काम करत?
(आ) व्हॅन गॉग पॅरिसला केव्हा आला?
(इ) अंड्याची खालची बाजू गुलाबी का दिसत होती?
(ई) अब्बा मुलीसाठी काय आणत?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुलीने पहिल्यांदा मिसळलेला रंग मळकट का झाला?
(आ) "ओला रंग फसवतो" असे दादी का म्हणाल्या?
(इ) सावलीची जागा आधी का आखावी लागे?

३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "'वांगे' हा शब्द रंगवलास."
(आ) "मी तुम्हाला तसे बोलायला नको होते."
(इ) "अरे, हा पडदा निळा आहे!"

४. रिकाम्या जागा भरा.
(अ) शेंदरी रंग ______ रंगाकडे झुकतो.
(आ) तांबडा आणि ______ हे रंग एकमेकांच्या विरुद्ध आहेत.
(इ) पिवळ्यात काळा मिसळल्यावर लिंबू ______ झाले.

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
फिका, ओला, उजळ, सोपे, धाकटा

६. कागद, रंग, पडदा हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

७. विचार करून लिहा.
दादींनी शेवटी पानदानच समोर का ठेवले असेल? "पितळ पिवळे असते असे समजून बसू नकोस" या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

उपक्रम : घरातील एक पांढरी वस्तू खिडकीजवळ ठेवा. ती दहा मिनिटे नीट पाहा. तिच्यात कोणकोणते रंग दिसतात, ते मराठीत लिहा. नंतर तिचे चित्र काढून वर्गात दाखवा.