पाठ १४ : दीडशे दिनार आणि एक कॅमेरा

वाचण्यापूर्वी : तुमच्या घरातला तुम्हाला सर्वांत आवडणारा फोटो कोणता? तो दिवसा काढला आहे की रात्री, दिव्याच्या उजेडात?

समजा, वाढदिवसाचे पैसे, भाऊबीजेची ओवाळणी आणि आजोबांनी परत जाताना हातात ठेवलेले पैसे, असे सगळे मिळून तुमच्याकडे १५० दिनार जमले आहेत. तुम्हाला लेन्स बदलता येणारा कॅमेरा हवाय. आई म्हणते, "फोन आहे की!" बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "बघू."

"बघू" म्हणजे "नाही" नव्हे. तेव्हा आपण तयारीला लागू.

आधी हिशोब. बहरीनमध्ये एका डॉलरला ०.३७६ दिनार हा दर ठरलेला आहे. म्हणजे १५० दिनार झाले जवळपास ४०० डॉलर. इंटरनेटवर डॉलरमधली किंमत दिसली की तिला ०.३७६ ने गुणा, आणि मगच मनामाच्या बाजारात विचारायला जा. एवढ्या पैशांत नवा कॅमेरा आणि चांगली लेन्स दोन्ही बसवणं अवघड आहे. जुना, म्हणजे वापरलेला कॅमेरा मात्र मिळू शकतो. नोकरी संपवून भारतात परतणारी कुटुंबं सामान विकतात, तिकडे लक्ष ठेवा.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीला लागल्यावर मी पहिला कॅमेरा घेतला. दुकानदाराने "सेट" दाखवला : कॅमेरा, दोन झूम लेन्स, बॅग, स्टँड, सगळं एकत्र. मला भुरळ पडली. पुढच्याच महिन्यात साताऱ्याला माझ्या आजीची पंचाहत्तरी होती. संध्याकाळी ७५ दिव्यांनी तिचं औक्षण केलं. दिवे छान दिसावेत म्हणून कोणीतरी घरातल्या ट्यूबलाइट बंद केल्या. मी पन्नासेक फोटो काढले. एकाही फोटोत आजीचा चेहरा स्पष्ट नव्हता. सगळे हललेले! शेवटी मावशीने फ्लॅश मारून काढलेला एक फोटो फ्रेम केला. त्यात आजी दिसते, पण दिव्यांचा तो पिवळा उजेड कुठेच नाही. आजी आता नाही. त्यामुळे तो फोटो पुन्हा काढता येणार नाही.

कॅमेरा वाईट नव्हता. मग चुकलं काय?

लेन्सच्या आत एक गोल छिद्र असतं. आपल्या डोळ्याच्या बाहुलीसारखं ते लहानमोठं होतं. लेन्सवर त्याचा आकडा लिहिलेला असतो, आणि गंमत म्हणजे आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ लेन्सवर बहुतेक वेळा ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. म्हणजे झूम केलं की छिद्र ५.६ च्या पुढे उघडत नाही. याउलट ५० मिलिमीटरची एक साधी, झूम नसलेली लेन्स मिळते, तिच्यावर १.८ लिहिलेलं असतं. ५.६ ला १.८ ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा : जवळजवळ १०. म्हणजे ही लेन्स दहापट उजेड आत घेते! जो फोटो माझ्या झूम लेन्सने घ्यायला एक-दशांश सेकंद लागत होता, तो हिने सेकंदाच्या शंभराव्या भागात घेतला असता. आजी हसली असती, मान हलवली असती, तरी चेहरा स्पष्ट आला असता.

म्हणून माझं मत असं : पैसे कमी असतील तर कॅमेरा जुना घ्या, पण १.८ ची एक लेन्स नक्की घ्या. कॅमेऱ्याची मॉडेलं येतात नि जातात. चांगली लेन्स वर्षानुवर्षं टिकते.

पण ५० ची की ३५ ची? स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे ५० ची लेन्स ७५ किंवा ८० सारखी वागते. म्हणजे समोरचं जवळ आल्यासारखं दिसतं. चेहऱ्यासाठी मस्त, पण फ्लॅटच्या छोट्या हॉलमध्ये गणपतीसमोर सगळं कुटुंब उभं केलंत, तर तुम्हाला मागे सरकत सरकत स्वयंपाकघरात जावं लागेल. अशा ठिकाणी ३५ ची बरी.

आणखी एक गोष्ट नीट बघा. प्रत्येक लेन्स प्रत्येक कॅमेऱ्याला बसत नाही. कॅननची ईएफ जोडणी १९८७ पासूनची आहे, त्यामुळे तिच्या जुन्या लेन्स भरपूर मिळतात. त्या अडॅप्टर लावून कॅननच्या नव्या आर मालिकेतल्या कॅमेऱ्यांवरही चालतात. कॅननची ईएफ-एम ही छोटी जोडणी मात्र कंपनीने बंद केली आहे. तिचे कॅमेरे स्वस्त दिसतात, पण पुढे रस्ता नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, म्हणून लेन्सवर एएफ-एस लिहिलंय ना, ते बघा. नाहीतर फोकस हाताने करत बसावं लागेल.

जुनी वस्तू घेताना घाई नको. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या दमट हवेत ती धरते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको! मग छिद्र १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करता येते, पण त्यासाठी किंमत कमी करून मागा. मनामाच्या बाजारात हिंदी चालते, घासाघीस करायला लाजू नका.

आणि बहरीनची हवा! ऑगस्टमध्ये एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर लगेच वाफ धरते. पुसू नका. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. शजरत-अल-हयातला, म्हणजे वाळवंटातल्या त्या एकट्या जुन्या झाडाकडे गेलात, तर लेन्स गाडीत बसून, काचा बंद करून बदला. वाळूचा एक कण आत गेला की पुढचे सगळे फोटो ठिपक्यांचे.

तुबलीच्या खाडीतले रोहित पक्षी? त्यांच्यासाठी लांबची लेन्स लागते. ती पुढच्या भाऊबीजेला.

शब्दार्थ
ओवाळणी – ओवाळल्यावर दिलेली भेट किंवा पैसे
औक्षण – दिव्यांनी ओवाळणे
भुरळ पडणे – मोह होणे
दमट – ओलसर
घासाघीस करणे – किंमत कमी करण्यासाठी बोलणी करणे
रोहित पक्षी – फ्लेमिंगो

स्वाध्याय
१. लेखकाच्या आजीचे फोटो का हलले? तुमच्या शब्दांत सांगा.
२. एका कॅमेऱ्याची किंमत २५० डॉलर आहे. ती दिनारमध्ये किती? १५० दिनारमधून लेन्ससाठी किती उरतील?
३. "बघू" म्हणणाऱ्या बाबांना कॅमेरा का हवा आहे, हे पाच-सहा वाक्यांत पटवून द्या. एक मूल बाबा होईल, दुसरं मागणारं. नंतर जागा बदला.
४. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीचा फक्त दिव्याच्या किंवा खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा. फोनने चालेल. तो वर्गात आणा.