सामन्याआधीचा दिवस
(बर्लिन नगरीचे दर्शन)

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा. परंतु तो पाहण्यासाठी दूरदेशाहून आलेल्या प्रवाशापाशी सायंकाळपर्यंतचा सारा दिवस मोकळा असतो. त्या दिवसाचे तो काय करतो, यावरच त्याचा प्रवास सार्थकी लागला की नाही हे ठरते. जर्मनीची राजधानी बर्लिन हिने २००६ साली विश्वचषक स्पर्धेचा आणि २०२४ साली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना भरविला. त्या निमित्ताने हे नगर कसे पाहावे, याचा थोडा विचार करू.

प्रारंभ ब्रांडेनबुर्ग वेशीपासून करावा. १७८८ ते १७९१ या काळात बांधलेल्या या वेशीला बारा भव्य स्तंभ आहेत आणि माथ्यावर चार घोड्यांचा रथ आहे. १८०६ मध्ये नेपोलियनने हा रथ जिंकून पॅरिसला नेला. त्याच्या पराभवानंतर, १८१४ मध्ये, तो परत आला. १३ ऑगस्ट १९६१ रोजी नगराची वाट अडविली गेली, भिंत उभी राहू लागली आणि ही वेस कोणालाच ओलांडता येईना. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी ती भिंत खुली झाली. दोन्ही स्पर्धांच्या वेळी याच वेशीपाशी मोठमोठे पडदे उभारून सहस्रावधी लोकांनी उघड्यावर सामने पाहिले. जेथे एके काळी पहारेकरी उभे होते, तेथे परस्परविरोधी संघांचे पाठीराखे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. भिंत जेथून गेली होती, तेथे रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसविलेली आहे. पायांखाली पाहणाऱ्यालाच ती दिसते.

वेशीच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर २,७११ काँक्रीटचे ठोकळे ओळीने उभे आहेत. नाझी राजवटीने ठार मारलेल्या सुमारे साठ लक्ष ज्यूंचे हे स्मारक २००५ मध्ये खुले झाले. आपल्या पूर्वजांचा पराक्रम सारेच देश मिरवितात. परंतु आपल्याच राजवटीचा अपराध राजधानीच्या मध्यभागी, सर्वांच्या दृष्टीस पडेल असा मांडण्यास निराळे धैर्य लागते. वेशीच्या उत्तरेस संसदभवन आहे. त्यावरील काचेचा घुमट १९९९ मध्ये पुरा झाला. त्याच्या आतील चढणीवरून सामान्य नागरिक खाली सभागृहाकडे पाहू शकतो. प्रतिनिधींच्या डोक्यावर जनता, हा अर्थ शब्दांवाचून उमगतो.

दुपारी श्प्रे नदीतील संग्रहालयांच्या बेटावर जावे. तेथे पाच संग्रहालये आहेत. त्यांपैकी ‘नवे संग्रहालय’ दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाले होते. ते दुरुस्त करून २००९ मध्ये उघडताना भिंतींवरील जखमा मुद्दाम पुसून टाकल्या नाहीत. इजिप्तची राणी नेफर्टिटी हिचा सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचा मुखपुतळा तेथेच आहे. पाय थकले, तर नदीतून नावेने फिरावे किंवा टेम्पलहोफ येथे विसावा घ्यावा. १९४८-४९ च्या नाकेबंदीत ज्या विमानतळावर अन्न व कोळसा घेऊन विमाने उतरत, तो २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून ते विस्तीर्ण उद्यान आहे. विमानांच्या धावपट्टीवर आज मुले सायकली चालवितात.

सायंकाळी रेल्वेने नगराच्या पश्चिमेकडील ऑलिंपिक क्रीडागारात जावे. हे १९३६ च्या ऑलिंपिकसाठी नाझी राजवटीने आपले वैभव मिरविण्यास उभारले. परंतु येथेच जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूने चार सुवर्णपदके मिळविली. आज जवळच्या एका मार्गास त्याचे नाव आहे. ९ जुलै २००६ रोजी इटलीने येथे फ्रान्सला पेनल्टींवर हरविले आणि १४ जुलै २०२४ रोजी स्पेनने इंग्लंडवर २-१ असा विजय मिळविला.

आता आपल्या जवळची एक गोष्ट सांगतो. याच क्रीडासंकुलातील हॉकीच्या मैदानावर १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारताने जर्मनीस ८-१ असे पराभूत केले. तेव्हा आपला देश पारतंत्र्यात होता. पुढे अकरा वर्षांनी नेमक्या त्याच दिवशी तो स्वतंत्र झाला. त्या संघात ध्यानचंदांचे धाकटे बंधू रूपसिंह हेही होते. ग्वाल्हेर ही त्यांची कर्मभूमी. आपल्या नगरातील ज्या मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यात नाबाद दोनशे धावा काढल्या, ते मैदान या रूपसिंहांच्याच नावाचे आहे. सचिनच्या धावा आपल्याला तोंडपाठ असतात. परंतु फाटकावरील ते नाव कोणाचे, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले?

बर्लिनला जाण्याचा योग प्रत्येकाला येईलच असे नाही. परंतु पायांखालची दगडांची ओळ पाहण्याची दृष्टी घरी बसूनही कमावता येते. येत्या सुट्टीत आपापल्या गावातील एखादी वेस, एखादे मैदान, एखाद्या रस्त्याचे नाव निवडावे आणि त्यामागील हकिगत घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीत टिपून ठेवावी. पाहणे हाही एक अभ्यासच आहे. त्याचा पहिला धडा आपल्या दारापासून सुरू होतो.