उंदीर बरे झाले, पुढचं पुढे

प्रश्न : पेपरात विज्ञानाची एखादी आनंदाची बातमी आली की मी ती नाश्त्याच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवतो. विस्मरणावर नवं औषध, खोलीच्या तापमानाला चालणारा अतिसंवाहक, असं काहीबाही. इंजिनिअरिंगला असलेला माझा नातू ताटातून मान वर न करता म्हणतो, “आजोबा, उंदरांवर.” नाहीतर, “वीस वर्षांनी बघू.” आमच्या वेळी शास्त्रज्ञांबद्दल आदर होता. ही पोरं इतकी कुत्सित का झाली?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, मिरज

उत्तर : गुरुजी, “उंदरांवर” हा शेरा तुमच्या नातवाच्या डोक्यातला नाही, त्याने तो उचललेला दिसतो. २०१९ मध्ये जेम्स हेदर्स या संशोधकाने ट्विटरवर एक खातं उघडलं. अमुक पदार्थाने स्मृती सुधारते, तमुक गोळीने म्हातारपण लांबतं, अशा बातम्या गाठायच्या आणि प्रत्येकीला एकच शेपूट लावायचं : ‘उंदरांमध्ये’. एवढंच त्या खात्याचं काम. लोक खो-खो हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की शेपूट लावलं की बातमी पूर्ण होते. संशोधकांच्या मूळ निबंधात उंदीर असतो. मथळ्यापर्यंत येता येता तो कुठेतरी निसटतो. उंदरांवर प्रयोग करण्याला हेदर्सचा विरोध नव्हता. त्याची हरकत उंदीर लपवण्याला होती. इथे शास्त्रज्ञांचा अनादर कुठे झाला? झालीच असेल तर मथळा देणाऱ्याची खोडी काढली गेली.

आता तुमच्या अतिसंवाहकाकडे वळू. अतिसंवाहक म्हणजे ज्यातून वीज कसल्याही रोधाशिवाय वाहते तो पदार्थ. १९११ साली कामर्लिंग ओन्स यांनी हॉलंडमधल्या लायडनला हा गुण पहिल्यांदा पाऱ्यात पाहिला, तोही उणे २६९ अंश सेल्सिअसला. तेव्हापासून सगळे एकच स्वप्न बघत आले आहेत, की हे इतक्या थंडीशिवाय व्हावं. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने जाहीर केलं, झालं! शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांपासून बनवलेला ‘एलके-९९’ नावाचा पदार्थ थेट १२७ अंशांपर्यंत अतिसंवाहक राहतो. सोबत एक चित्रफीत होती. चुंबकावर ठेवलेला काळपट तुकडा एका बाजूने उचलला गेलेला, दुसरी कड मात्र चुंबकाला टेकलेली. जगभर धावपळ उडाली. कोरियात संबंधित कंपन्यांचे शेअर चढले.

या बातमीवरची थट्टा कामाची ठरली, कारण बोलणाऱ्यांनी नुसतं नाक मुरडलं नाही. “तरंगतं म्हणजे अतिसंवाहक, असं कुठे लिहिलंय?” असं त्यांनी विचारलं. १९९७ साली नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे आंद्रे गाइम यांनी अत्यंत शक्तिशाली चुंबकाच्या क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगत ठेवला होता. बेडकाच्या अंगातलं पाणी चुंबकाला अगदी क्षीणपणे दूर ढकलतं. चुंबक पुरेसा जबरा असेल तर तेवढं ढकलणंही पुरतं. तरंगणं हाच पुरावा मानायचा, तर बेडूकही अतिसंवाहक ठरतो.

मग मोजमापं आली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या गटाने पदार्थ तयार करून पाहिला. हा प्रयत्न करणाऱ्या जगातल्या पहिल्या काही गटांपैकी तो एक. त्यांना अतिसंवाहकता दिसली नाही. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांची नजर एका आकड्यावर अडली. कोरियन आलेखात साधारण १०४ अंशांना रोध एकदम कोसळत होता. हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. त्याच तापमानाला कॉपर सल्फाइडची अंतर्गत रचना बदलते, आणि पदार्थ बनवताना कॉपर सल्फाइडची भेसळ आपोआप होत होती. शेवटी जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत भेसळीशिवायचे स्फटिक तयार केले गेले. ते जांभळे, पारदर्शक निघाले, आणि अतिसंवाहक राहोच, चांगले वीजरोधक निघाले. एवढं सगळं जेमतेम महिनाभरात उरकलं.

थट्टेतही शास्त्र किती असू शकतं, याचं आणखी एक उदाहरण. सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतल्या ‘ऑपेरा’ प्रयोगाने सांगितलं, की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटरचा प्रवास करून प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. त्यावर निघालेला विनोद असा : “दारवान म्हणतो, ‘प्रकाशापेक्षा वेगवान कणांना आत सोडत नाही.’ न्यूट्रिनो दारात येतो.” उत्तर आधी, पाहुणा नंतर. प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पोचू लागला तर कुणा ना कुणाला परिणाम कारणाच्या आधी दिसेल, हा सापेक्षतावादातला मोठा पेच या विनोदात अख्खा बसला आहे. ऑपेराच्या लोकांनी तोरा मिरवला नव्हता. आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असंच ते म्हणत होते. काही महिन्यांनी ती सापडली. घड्याळाची वेळ जुळवणाऱ्या यंत्रणेतली प्रकाशतंतूची एक जोडणी सैल होती.

तेव्हा नातवाची बाजू भक्कम आहे. तरीही त्याला एक गोष्ट जरूर ऐकवा. जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकीय पानाने रॉबर्ट गॉडर्ड यांची टोपी उडवली. रॉकेट चंद्रापर्यंत नेता येईल म्हणणाऱ्या या प्राध्यापकाला शाळकरी पोरांना ठाऊक असलेलं भौतिकशास्त्रही येत नाही, निर्वात पोकळीत रॉकेट मागे ढकलणार तरी कशाला, असा सूर होता. लिहिणाऱ्याने न्यूटन नीट वाचला नव्हता. रॉकेटला ढकलायला हवा लागत नाही. ते आपलाच वायू मागे फेकतं आणि पुढे जातं. शिवाय गॉडर्ड यांनी हे निर्वात नळीत मोजून दाखवलेलं होतं. वृत्तपत्राने दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ ला, अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना. गॉडर्ड १९४५ मध्येच वारले होते.

उंदरांवरचा शेरा आणि हे संपादकीय, दोन्हींत शंका आहे, दोन्हींत टोमणा आहे. फरक एवढाच की पहिल्या टोमण्याला उत्तर देता येतं. “प्रयोग माणसांवर झाला होता,” असं कुणी दाखवलं की शेरा गळून पडतो. गॉडर्ड यांना हसणाऱ्याने उत्तराला वावच ठेवला नाही, आणि समोर असलेलं मोजमापही पाहिलं नाही. म्हणून नातू “उंदरांवर” म्हणाला की त्याला विचारा, “तू वाचलंस का?” वाचून म्हणत असेल तर त्याला आणखी थोडे पोहे वाढा. न वाचता म्हणत असेल तर तो न्यूयॉर्क टाइम्सच्या रांगेत बसला. “वीस वर्षांनी बघू” यात मात्र तपासण्याजोगं काही नाही. त्यावर पोहे नाहीत.

प्रश्न : अणुसंमीलनातून घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली, असं काही वर्षांपूर्वी वाचलं होतं. विजेचं बिल अजून तसंच येतंय.
— एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : बातमी खरी होती. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेझरने इंधनाच्या गोळीकडे २.०५ मेगाज्यूल ऊर्जा पाठवली आणि ३.१५ मेगाज्यूल परत मिळाली. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. आता हाच हिशेब तुमच्या बिलाच्या भाषेत मांडू. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे मिळालेली ऊर्जा एक युनिटही भरत नाही. आणि तो लेझर चालवायला भिंतीतून घेतलेली वीज होती सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८० युनिटांच्या वर. ‘घातल्यापेक्षा जास्त’ हे गोळीच्या दारात मोजलं होतं, मीटरपाशी नाही. शास्त्रज्ञांनी हे लपवलं नव्हतं. ती प्रयोगशाळा वीज विकण्यासाठी बांधलेलीही नाही, अण्वस्त्रांच्या अभ्यासासाठी बांधली आहे. कुठलीही ऊर्जेची बातमी वाचताना मीटर कुठे लावलाय तेवढं बघा.

प्रश्न : डार्क चॉकलेटने वजन लवकर उतरतं, असा अभ्यास खरंच झाला आहे का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : झाला आहे, आणि तो मुद्दाम फसवा केला होता. २०१५ मध्ये विज्ञान पत्रकार जॉन बोहॅनन यांनी काही साथीदारांसह जर्मनीत तीन आठवड्यांचा प्रयोग केला. माणसं खरी होती, आकडे खरे होते. फक्त माणसं जेमतेम पंधरा आणि मोजलेल्या गोष्टी अठरा : वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे. प्रत्येक गोष्टीत निव्वळ योगायोगाने ‘फरक पडला’ असं दिसण्याची शक्यता पाच टक्के धरली, तरी अठरांपैकी निदान एकीत तसं दिसण्याची शक्यता साठ टक्क्यांवर जाते. त्यांच्या नशिबी वजन आलं. झोप आली असती तर आज तुम्ही चॉकलेट आणि झोपेबद्दल विचारलं असतंत. पैसे घेऊन छापणाऱ्या एका नियतकालिकाने निबंध छापला आणि जर्मनीतल्या ‘बिल्ड’पासून अनेकांनी बातमी उचलली. मग बोहॅनन यांनी स्वतःच बिंग फोडलं. पण खुलासा बातमीइतका पळत नाही, हे तुमच्या प्रश्नावरून दिसतंच आहे.

प्रश्न : मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर बातमी वाचावी का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : तंत्रज्ञानावर लिहिणारे ब्रिटिश पत्रकार इयन बेटरिज यांनी २००९ मध्ये त्यासाठी एक सोपा नियम सांगितला : प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या कुठल्याही मथळ्याचं उत्तर ‘नाही’ असं देता येतं. ‘मंगळावर जीवसृष्टी सापडली?’ सापडली असती, तर तिथे उद्गारचिन्ह असतं.