‘वळणावर गेला’: कुटुंबस्मृती, व्यक्तिचित्राची भाषा आणि मागील पिढ्यांतील स्वमग्नतेची ओळख (उजनी जलाशयाकाठच्या गावांच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

घरातील एखाद्या मुलाच्या स्वमग्नतेचे निदान झाले की कुटुंबाची दृष्टी केवळ त्याच्या भवितव्याकडे वळत नाही. ती मागेही वळते. कोणाशी फारसे न बोलणारे आजोबा, ठरलेल्या ताटाखेरीज न जेवणारी आत्या, पंचांग तोंडपाठ असूनही लग्नकार्यात माडीवर जाऊन बसणारा चुलता अशी माणसे आठवू लागतात. ‘हा अगदी आप्पांच्या वळणावर गेला’ हे वाक्य तोपर्यंत कौतुकाने किंवा त्राग्याने उच्चारले जात असते. निदानानंतर त्याच वाक्याला पुराव्याचे रूप येते. हे रूपांतर कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न वैद्यकाचा आहे, तितकाच तो भाषेचाही आहे. मागील पिढ्यांतील माणसांची तपासणी झालेली नसते. त्यांच्याविषयी जे शिल्लक असते ते घरातल्यांनी वापरलेले शब्द आणि सांगितलेले प्रसंग. साहजिकच ही सामग्री वाचावयाची कशी, हा साहित्याच्या अभ्यासकाच्याही अधिकारातील विषय ठरतो.

२. संज्ञा आणि बोलीतील शब्द

‘ऑटिझम’ ही संज्ञा ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ती छिन्नमनस्कतेचे एक लक्षण म्हणून वापरली. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांच्या निरीक्षणावरून आणि १९४४ मध्ये हान्स आस्पर्गर यांनी व्हिएन्नात तिला आजच्या अर्थाच्या जवळ आणले. मराठीत तिच्यासाठी ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला. शब्द नेमका आहे, परंतु निर्दोष नाही. मराठी समीक्षेत ‘आत्ममग्न’ हे विशेषण भावकवीच्या वृत्तीसाठी, बहुधा गौरवाने, योजले जाते. त्याच्या सान्निध्यामुळे ‘स्वमग्न’ या शब्दातही स्वेच्छेने स्वतःत रमण्याची छटा मिसळते. वस्तुतः प्रश्न स्वतःवरील प्रेमाचा नसून इतरांच्या संकेतांचा अर्थ लावण्याचा, संवेदनांच्या तीव्रतेचा आणि ठरलेल्या क्रमाच्या गरजेचा असतो.

ग्रामीण बोलीत या दोन्ही शब्दांना फारसे स्थान नाही. तेथे घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा, हेकट, चक्रम, भोळसर, येडा, एकमार्गी असे शब्द आहेत. त्यांतील प्रत्येक शब्द वर्तनाचे वर्णन करण्याआधीच निवाडा देतो. ‘माणूसघाणा’ म्हटले की माणसांचा तिटकारा गृहीत धरला जातो. गोंगाट असह्य होत असल्यामुळे तो माणूस उठून गेला असेल, ही शक्यता तेथेच संपते. ‘हेकट’ या शब्दात दुराग्रह आहे, बदलाची भीती नाही. स्त्रियांच्या वाट्याला आलेले शब्द तर आणखी फसवे आहेत. ‘कामाची, पण तोंडाची नाही’ अशी ओळख असलेल्या सुनेचे मौन हा गुणच मानला जाई. त्यामुळे मागील पिढ्यांतील स्त्रियांचे वेगळेपण स्मृतीत प्रसंगरूपाने नोंदले जाण्याची शक्यता कमी राहते.

३. पहिल्या नोंदीतील कुटुंबकथन

स्वमग्नतेच्या आधुनिक इतिहासाचा प्रारंभही कुटुंबकथनातून झाला, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. कॅनर यांच्या निबंधातील पहिला मुलगा डोनाल्ड हा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना ३३ पानांचे टंकलिखित पत्र पाठविले होते. मुलगा काय करतो, कोणते शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो, कशाने अस्वस्थ होतो, याचा तो तपशीलवार वृत्तान्त होता. त्यात मुलाला द्यावयाचे नाव नव्हते, कारण ते नाव तेव्हा अस्तित्वातच नव्हते. नाव उपलब्ध नसल्यामुळेच कृती नोंदली गेली, असे म्हणता येईल.

डोनाल्ड काही वर्षे एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. १९४५ मध्ये कॅनर तेथे गेले असता त्यांना दिसले ते असे: मुलाला मोजमापाचा ध्यास आहे हे जाणून त्या दांपत्याने त्याला विहीर खणावयास लावून तिची खोली सांगावयास सांगितले, तो मक्याच्या ओळी सतत मोजतो हे पाहून नांगर चालविता चालविता ओळी मोजण्याचे काम दिले. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, बँकेत नोकरीस लागला आणि २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्या गावात ओळखीच्या माणसांत राहिला. या उदाहरणाचे महत्त्व असे की, त्याच्या वेगळेपणाला सामावून घेणारी कामे आणि माणसे हा त्या वेगळेपणाच्या वर्णनाचाच भाग आहे. परिसर वगळून व्यक्ती वाचता येत नाही.

४. व्यक्तिचित्राची शिकवण

मराठी साहित्याला ही पद्धत अपरिचित नाही. तेराव्या शतकातील ‘गोविंदप्रभुचरित्रा’त ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे वर्तन लहान लहान लीळांतून नोंदलेले आहे. लोकदृष्टीला वेडेपणाचे वाटणारे ते वर्तन महानुभावांच्या श्रद्धेत ईश्वरी ठरले. त्या श्रद्धेचे रोगनिदानात रूपांतर करणे असमंजसपणाचे होईल. मात्र वर्तन एकच असता त्याचे नाव चौकटीनुसार बदलते, आणि प्रसंगाची नोंद टिकली तरच पुढील वाचक ती चौकट तपासू शकतो, हा धडा त्या गद्यातून निश्चित मिळतो.

‘वल्ली’ हा शब्दही याच वाटेने आला आहे. ‘वली’ म्हणजे ईश्वराच्या जवळचा पुरुष. त्याचेच अनेकवचन ‘अवलिया’. मराठीत येता येता वली हा वल्ली झाला आणि पूज्यतेची जागा गमतीने घेतली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) या संग्रहातील सखाराम गटणे पुस्तकी भाषेत बोलतो. वाचक हसतो, आणि अखेरीस त्या हसण्याचा त्याला पुनर्विचार करावा लागतो. काल्पनिक पात्राचे निदान करणे व्यर्थ आहे. परंतु घरोघरच्या ‘वल्लीं’च्या गोष्टीही अशाच हशाच्या वेष्टनात पुढील पिढीकडे येतात. त्यांतील हसू बाजूला सारून प्रसंग तेवढा वेगळा काढणे, ही वाचनाची पहिली पायरी होय.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या संदर्भात अधिक उपयुक्त आहेत. सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला भागाशी जोडलेल्या त्या कोरडवाहू मुलखातील माणूस तेथे त्याच्या धंद्यासह, बोलण्यासह आणि गावाने त्याला दिलेल्या जागेसह उभा राहतो. लेखक विशेषणांच्या बाबतीत काटकसरी आहे. कुटुंबातील पूर्वजांचे स्मरण करताना याच काटकसरीची गरज असते.

५. जलाशयाने तोडलेला संदर्भ

उजनी परिसरात या स्मरणाला एक विशेष अडचण आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. योगायोग असा की, अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत बालपणीच्या स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले, तेही १९८० मध्येच. म्हणजे निदानाची भाषा आकार घेत होती त्याच काळात ज्या गावांतील माणसांना ती लावून पाहावयाची, त्यांतील अनेक गावे यशवंतसागराच्या पाण्याखाली जात होती. करमाळा, माढा आणि पलीकडच्या इंदापूर तालुक्यांतील नदीकाठची वस्ती नव्या गावठाणांत गेली. पाणी फार ओसरते तेव्हा पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. पण मंदिराभोवतीचे दैनंदिन व्यवहार पुन्हा वर येत नाहीत.

गाव हे ठरलेल्या क्रमाचे एक साधन असते. तीच पायवाट, तोच घाट, तेच बाजाराचे वार, ओळखीची चार घरे. क्रम मोडला की ज्याला त्रास होतो अशा माणसाला या रचनेचा आधार मिळे आणि त्यामुळे त्याचे वेगळेपण ठळक होत नसे. उदाहरणादाखल एक कल्पित चुलता घ्यावा. जुन्या गावी तो रोज पहाटे घाटाच्या एकाच पायरीवर बसे, गावातील प्रत्येक बैलाची खरेदीची किंमत आणि साल त्याला पाठ असे, आणि बैल घेताना लोक त्याला विचारीत. स्थलांतरानंतर तो त्याच वेळी पाण्याच्या कडेपर्यंत चालत जाऊ लागला. घरात वाक्य रूढ झाले: ‘धरणानं त्यांचं डोकं फिरवलं.’ पणतवंडाच्या निदानानंतर हे वाक्य बदलून ‘आबाही स्वमग्नच होते’ असे होणे अगदी संभवनीय आहे.

परंतु दोन्ही वाक्ये घाईची आहेत. पाण्याकडे चालत जाणे ही क्रमाची गरज असू शकते, तसाच तो गाव गमावल्याचा शोकही असू शकतो. तो शोक असंख्य विस्थापितांचा होता. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या धरणग्रस्तांवरील कादंबरीचा विषय असलेली उद्ध्वस्तता कोणा एका व्यक्तीच्या मनोरचनेतून निर्माण झालेली नाही. म्हणून स्थलांतरानंतरच्या वर्तनापेक्षा त्यापूर्वीच्या, शक्यतो बालपणापासूनच्या प्रसंगांना अधिक वजन द्यावयास हवे. वरील उदाहरणात बैलांच्या किमती आणि घाटाची पायरी हे तपशील निर्णायक नसले तरी अधिक बोलके आहेत. असे तपशील जाणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे.

६. माहेर, सासर आणि दोषाची वाटणी

पिढ्यांमागील ओळखीला शास्त्रीय आधार नाही असे नाही. १९७७ मध्ये सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकरूप जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. पुढील संशोधनाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा आणि नातेवाइकांत आढळणाऱ्या सौम्य छटा या दोन्ही गोष्टींना बळ दिले. मातेच्या थंडपणामुळे मूल असे होते, हे ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने लोकप्रिय केलेले मत त्यामुळे मागे पडले.

आईवरील हा आरोप दूर होणे ही मोठीच गोष्ट आहे. परंतु पितृवंशीय कुटुंबात तो दुसऱ्या दाराने परत येऊ शकतो. ‘खाण तशी माती’ ही म्हण बहुधा सुनेच्या माहेराकडे बोट दाखविण्यासाठी वापरली जाते. मुलाचे गुण ‘आप्पांच्या वळणाचे’ आणि अडचणी ‘आजोळच्या रक्तातल्या’, अशी वाटणी सहज होते. सासरच्या पूर्वजांची स्मृती घरात जपलेली असते. माहेरच्यांची माहिती तुटक असते, आणि तुटक माहितीत संशयाला जागा अधिक मिळते. शिवाय इतर भावंडांना येणाऱ्या स्थळांची चिंता असतेच, म्हणून अनेकदा ओळख पटूनही मौन पत्करले जाते.

या वाटणीला समाजशास्त्रीय आधारही दुबळा आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरील १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्रातील मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा नोंदविली आहे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या असे संबंध झाले, तेथे सुनेचे माहेर हे सासूचेही माहेर असते. अशा घरात ‘त्यांचे रक्त’ आणि ‘आमचे रक्त’ ही भाषा वंशावळीच्या कागदावरच टिकत नाही. कुटुंबस्मृतीचे वाचन करावयाचे तर दोन्ही बाजूंच्या वृद्धांचे, विशेषतः स्त्रियांचे, कथन सारख्याच आस्थेने ऐकणे अपरिहार्य आहे.

७. निष्कर्ष

मागील पिढीतील माणसाचे निदान स्मृतीवरून करता येत नाही. त्याची ओळख मात्र नव्याने करून घेता येते. त्यासाठी ‘घुमा’ किंवा ‘चक्रम’ या जुन्या शब्दाच्या जागी ‘स्वमग्न’ हा नवा शब्द बसविणे पुरेसे नाही. तसे केल्यास एक निवाडा जाऊन दुसरा येतो, माणूस पूर्वीइतकाच अदृश्य राहतो. कृती, तिचा काळ, तिचे स्थळ आणि तिला आधार देणारी माणसे यांची नोंद हेच या वाचनाचे साधन होय.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. मुलाला मिळावयाचे प्रमाणपत्र, शिक्षण आणि साहाय्य हे त्याच्या स्वतःच्या तपासणीवर अवलंबून राहील. त्यासाठी पूर्वजांच्या साक्षीची गरज नाही. पूर्वजांच्या स्मरणाचे मोल वेगळे आहे. घाटाच्या पायरीवर बसणाऱ्या चुलत्याला गावाने बैलाची किंमत विचारली होती. पाण्याखाली गेलेल्या त्या व्यवहारातून आजच्या घराने घ्यावयाचे ते एवढेच: आपल्या मुलाला कोण काय विचारील आणि त्याची पायरी कोणती असेल, याचा शोध.